विश्लेषण : जुनी ‘थ्री नॉट थ्री’ रायफल दुरुस्त करता येते का? सुटे भाग मिळतात का? कायदा काय सांगतो?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माजी सैनिक नसलेले गाव शोधावे लागेल. घराघरांत पदके, पेन्शनची कागदपत्रे, पलटणीचे फोटो जपून ठेवलेले असतात. काही घरांत माळ्यावर किंवा फडताळात एखादी जुनी बंदूकही असते. वाडवडिलांची आठवण म्हणून ती पुन्हा नीट करावी, तुटलेला दस्ता बसवावा, गायब झालेली स्प्रिंग शोधावी, असे नव्या पिढीतील अनेकांना वाटते. परदेशात लोक जुन्या लष्करी रायफली नव्यासारख्या करतात, त्याचे व्हिडीओ मोबाइलवर दिसतातच.

भारतात मात्र हा छंद सरळ गुन्ह्यापर्यंत नेऊ शकतो. जुनी लष्करी रायफल म्हणजे नेमके काय, तिचे भाग का मिळत नाहीत, ती दुरुस्त करणे आणि ती जतन करणे यात कायदा कसा फरक करतो आणि घरात असे शस्त्र सापडले तर काय करावे, हे समजून घेऊ.

‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे कोणती रायफल?

भारतात जुनी लष्करी रायफल म्हटले की बहुतेक वेळा ती ली-एनफिल्ड असते. जेम्स पॅरिस ली या तंत्रज्ञाची खटक्याची रचना आणि इंग्लंडमधील एनफिल्डचा कारखाना, यावरून हे नाव पडले. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटर. म्हणून बोलीभाषेत ती ‘थ्री नॉट थ्री’.

ही ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ रायफल आहे. प्रत्येक गोळीनंतर दाराच्या कडीसारखा दिसणारा बोल्ट हाताने वर उचलून मागे ओढायचा. त्याने रिकामे काडतूस बाहेर पडते. बोल्ट पुढे ढकलून खाली दाबला की नवीन काडतूस नळीत बसते. मॅगझिनमध्ये १० गोळ्या मावतात.

तिची आखूड आवृत्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि १९०७ मधील ‘मार्क ३’ हे रूप सर्वाधिक गाजले. पश्चिम बंगालमधील इच्छापूर येथे जुन्या दारूच्या कारखान्याच्या जागेवर १९०४ पासून रायफल फॅक्टरी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरही तिथे हीच रचना बनत राहिली. १९६२ च्या चीन युद्धातही भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने .३०३ होती. त्यानंतर इच्छापूरने याच रचनेवर ७.६२ मिलिमीटरची ‘२ए’ आणि पुढे ‘२ए१’ ही रायफल काढली. लष्करात तिची जागा आधी एसएलआर आणि नंतर इन्सासने घेतली. पोलीस दलांत मात्र .३०३ कितीतरी वर्षे टिकून होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला निरोप दिला.

सातारा-सांगलीशी तिचे नाते काय?

आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही महायुद्धांच्या काळातील लष्करभरतीचा इतिहास दोन्ही जिल्ह्यांचा एकत्रच आहे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते. पहिल्या महायुद्धात या गावातील ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिशांनी उभारलेले स्मारक गावात आहे. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी या डिव्हिजनला शरणागती पत्करावी लागली.

या भागाने बंदुकीची दुसरी बाजूही पाहिली. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज (९ सप्टेंबर) आणि इस्लामपूर (१० सप्टेंबर) येथे मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि आंदोलक हुतात्मा झाले. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार याच मुलखात उभे राहिले. त्यामुळे इथे जुन्या शस्त्राला केवळ भंगाराची किंमत नाही. त्याला कुटुंबाची आणि गावाची आठवण चिकटलेली असते.

आजोबांची लष्करी रायफल घरात असू शकते का?

बहुतेक वेळा नाही. शिपायाला मिळालेली रायफल त्याच्या मालकीची नसते. ती सरकारची असते आणि सेवा संपली की शस्त्रागारात जमा होते. १९१४ मध्ये फ्रान्समधील मार्सेलिस बंदरात उतरलेल्या भारतीय तुकड्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन त्यांना नव्या काडतुसांना चालतील अशा रायफली देण्यात आल्या होत्या. म्हणजे मोहिमेच्या मधोमधही शिपायाची रायफल बदलत असे.

मग घरात सापडते ते काय? या प्रकारात बहुधा तीन गोष्टी येतात. पहिली, ठासणीची बंदूक, जिच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासतात. दुसरी, शिकारीची किंवा शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअर. तिसरी, .३१५ बोअरची रायफल. हीच तिसरी घोटाळा करते, कारण इच्छापूरची .३१५ ही ली-एनफिल्डच्याच रचनेवर बनते आणि लांबून .३०३ सारखी दिसते. सामान्य नागरिकाला लष्करी काडतुसे चालणारे शस्त्र मिळू नये म्हणून ती वेगळ्या बोअरमध्ये काढली गेली.

कायद्याच्या नजरेत हा फरक फार मोठा आहे. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली ‘प्रतिबंधित बोअर’ प्रकारात मोडतात आणि त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. .३१५ किंवा बारा बोअरचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देतात.

कायदा नेमके काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ मधील पाच मुद्दे इथे महत्त्वाचे आहेत.

- शस्त्र या व्याख्येत शस्त्राचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे सुटा बोल्ट किंवा नळी हे निव्वळ लोखंड नसते.
- कलम ३ नुसार अग्निशस्त्र बाळगायला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे.
- कलम ५ नुसार शस्त्र बनवणे, विकणे, त्यात बदल करणे आणि दुरुस्त करणे या प्रत्येक कामाला वेगळा परवाना हवा.
- कलम १० नुसार शस्त्र परदेशातून आणायला किंवा परदेशात पाठवायला परवाना हवा.
- कलम २५ मधील शिक्षा २०१९ मध्ये वाढवण्यात आल्या. विनापरवाना शस्त्र बनवणे, विकणे किंवा दुरुस्त करणे यासाठी किमान ७ वर्षे ते जन्मठेप आणि प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास ७ ते १४ वर्षे कारावास होऊ शकतो.

म्हणजे बंदुकीचा मालक परवानाधारक असला तरी ती कोणाकडूनही दुरुस्त करून घेता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडेही त्या कामाचा परवाना असावा लागतो.

जुन्या शस्त्रांना सूट नाही का?

सूट आहे, पण तिची अट नीट वाचायला हवी. कलम ४५ (क) नुसार कालबाह्य रचनेचे, पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेले किंवा मोडके शस्त्र कायद्यातून वगळले आहे. मात्र ते शस्त्र ‘दुरुस्ती करून किंवा न करता’ वापरण्याजोगे नसले पाहिजे.

सगळी मेख याच शब्दांत आहे. गंजून घट्ट झालेली, स्प्रिंग नसलेली .३०३ आज चालत नसेल, पण भाग बदलून ती चालू होणार असेल, तर तिला ही सूट मिळत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की ज्याला ही सूट मिळालेली आहे त्याने शस्त्र ‘नीट’ करायला घेतले, तर सुटीचा पायाच निखळतो. जितकी दुरुस्ती यशस्वी, तितका मालक अडचणीत.

याच कलमाच्या पुढच्या उपकलमात शस्त्राच्या किरकोळ भागांनाही सूट आहे. पण ते भाग इतर पूरक भागांसोबत वापरायचे नसतील तरच. म्हणजे दस्त्याचा जुना पितळी पत्रा शोभेसाठी ठेवणे वेगळे आणि रायफल पूर्ण करण्यासाठी एकेक भाग जमवत जाणे वेगळे.

फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्र नियमांत आणखी एक बदल झाला. प्राचीन किंवा ‘क्युरिओ’ प्रकारात मोडणारी लहान शस्त्रे घेण्यास आणि बाळगण्यास परवान्याची गरज नसल्याचे त्यात म्हटले आहे. मात्र असे शस्त्र वापरायला, सोबत घेऊन फिरायला किंवा त्याची वाहतूक करायला परवाना लागतोच. परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्याच्या गोळ्याही विकता येत नाहीत. आपल्याकडील शस्त्र या प्रकारात बसते असे स्वतःच ठरवून मोकळे होणे धोक्याचे आहे. जिल्हा दंडाधिकारी कार्यालयाकडून लेखी खातरजमा करून घेणे हाच सुरक्षित मार्ग.

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली अग्निशस्त्रे केंद्रीय कायद्यानुसार ‘अँटिक’ ठरतात. तिथे ओळ वर्षावर आखलेली आहे. आपल्याकडे कलम ४५ ची ओळ ‘ते चालू शकते का’ या प्रश्नावर आखलेली आहे. परदेशातील व्हिडीओ पाहून इथे काम सुरू करणाऱ्यांची फसगत इथेच होते.

सुटे भाग मिळणे इतके अवघड का?

ली-एनफिल्डच्या सर्व आवृत्त्या मिळून सुमारे १ कोटी ७० लाख रायफली बनल्या, असे मानले जाते. त्यामुळे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत जुन्या भागांचा मोठा बाजार आहे. तरीही तिथल्या जाणकारांनाही नेमका भाग शोधताना घाम फुटतो. त्याची कारणे तांत्रिक आहेत.

पहिले कारण आवृत्त्यांचे. इच्छापूरने शेवटपर्यंत ‘नंबर १ मार्क ३’ याच घराण्याच्या रायफली बनवल्या. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर ४’ वापरली. दोन्ही ली-एनफिल्डच, पण बहुतेक महत्त्वाचे भाग एकमेकींत बसत नाहीत.

दुसरे कारण आट्यांचे. एनफिल्डच्या स्क्रूंचे आटे आजच्या मेट्रिक मापात बसत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला ‘साधारण तसाच’ स्क्रू जबरदस्तीने फिरवला, तर शंभर वर्षे टिकलेले मूळ आटे एका मिनिटात खराब होतात.

तिसरे कारण जोडीचे. प्रत्येक रायफलीचा बोल्ट तिच्याच शरीराशी हाताने जुळवलेला असतो. म्हणून दोन्हींवर एकच क्रमांक कोरलेला दिसतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट वरवर बसला तरी तो तिचा नसतो.

भारतात या तिन्हींवर कायद्याचे कुलूप आहे. परदेशातून टपालाने मागवलेला भाग हीसुद्धा शस्त्राची आयातच ठरते. देशातील जुन्या सरकारी रायफलींचे भागही खुल्या बाजारात येत नाहीत.

भाग लेथवर बनवून घेतला तर?

१९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीपासून आजच्या कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीपर्यंत या भागात उत्तम टर्नर-फिटर आहेत. ‘नमुना द्या, हुबेहूब करून देतो’ असे सांगणारे हात इथे नक्की आहेत. पण हे काम देणारा आणि करणारा, दोघेही कायद्याच्या कचाट्यात सापडतात. परवान्याशिवाय शस्त्राचा भाग बनवणे म्हणजे शस्त्र बनवणेच.

त्यात जिवाचाही प्रश्न आहे. .३०३ चे काडतूस फुटते तेव्हा नळीत ३ हजार बारपेक्षा जास्त दाब तयार होतो. ट्रकच्या टायरमध्ये तो साधारण ८ बार असतो. हा दाब काही क्षण बोल्टला झेलावा लागतो आणि बोल्टच्या मागे नेमबाजाचा चेहरा असतो.

बोल्टचे तोंड आणि नळीची मागची कड यांत काडतुसाच्या कडेपुरती जागा असते. तिला ‘हेडस्पेस’ म्हणतात. .३०३ मध्ये लष्करी मापाने ही जागा सुमारे १.६३ ते १.८८ मिलिमीटर असावी लागते. म्हणजे सगळी मुभा पाव मिलिमीटरची. जागा जास्त झाली तर काडतुसाचे पितळ फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. त्यातच मूळ पोलादाला ठरावीक उष्णता प्रक्रिया दिलेली असते. नव्या भागाचे माप तंतोतंत असले तरी पोलाद आणि त्याचा कठीणपणा तसाच असेल याची खात्री नुसत्या लेथवर मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या नळीत आतून किती गंज आहे, हेही डोळ्यांनी पूर्ण कळत नाही.

मग पूर्वी शस्त्रे दुरुस्त करणारे कुठे गेले?

याचे उत्तर मिरजेत सापडते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये बनवणाऱ्या घराण्यांचा मूळ व्यवसाय शिकलगारीचा, म्हणजे शस्त्रांना धार लावण्याचा आणि ती दुरुस्त करण्याचा होता. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची फौज आटली, शस्त्रांची मागणी घटली आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने सर्वसामान्यांच्या हातातील शस्त्रांवर आणखी कडक निर्बंध आणले.

आज दुरुस्तीचे कौशल्य प्रामुख्याने तीन ठिकाणी उरले आहे : लष्कराच्या पलटणीतील आणि पोलीस मुख्यालयातील आर्मोरर, आयुध कारखाने आणि परवानाधारक शस्त्रविक्रेते-दुरुस्तीकार. इच्छापूरची फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या सरकारी कंपनीत आहे. परवाना असलेली .३१५ किंवा बारा बोअर बिघडली असेल, तर परवानाधारक दुरुस्तीकार हाच मार्ग. प्रतिबंधित बोअरची .३०३ खासगीरीत्या ‘रिस्टोअर’ करून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर तिथून दूर राहिलेलेच बरे.

दुरुस्ती नाही, तर जतन कसे करायचे?

कायदेशीररीत्या आपल्याकडे असलेल्या जुन्या शस्त्राचे जतन करता येते. संग्रहालये वापरतात ते तत्त्व साधे आहे : कमीत कमी हात लावा आणि जे कराल ते पुन्हा काढता येईल असे करा.

- सँडपेपर, वायर ब्रश, ग्राइंडर टाळा. गंजासोबत कारखान्याचे नाव, वर्ष, मुकुटाची किंवा अशोकस्तंभाची खूण आणि क्रमांकही घासून जातात. शस्त्राचा इतिहास तिथेच असतो. क्रमांक पुसणे हा स्वतंत्र गुन्हाही आहे.
- पॉलिश, व्हार्निश किंवा ऑइलपेंट लावू नका. ब्रिटिश काळात लष्करी दस्त्यांच्या लाकडाला जवसाचे कच्चे तेल चोळत. आजही कापडाने त्याचा अगदी पातळ हात पुरतो. तेलाची चिंधी मोकळ्या हवेत पसरून वाळवा. गोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते.
- लोखंडावर हलके तेल किंवा मेणाचा पातळ थर द्या. घामेजल्या बोटांचे ठसे गंजाला आमंत्रण देतात, म्हणून सुती हातमोजे वापरा.
- चामड्याच्या म्यानात किंवा लोकरी कापडात गुंडाळून ठेवू नका. दोन्ही ओल धरतात. वाई, महाबळेश्वर, पाटण, शिराळा या पावसाळी पट्ट्यात हे विशेष महत्त्वाचे. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांदरम्यान राहिली तर लाकूड आणि लोखंड दोन्हींना मानवते.
- दस्त्याला पडलेली खाच, कोरलेली आद्याक्षरे, जुने पितळी ठिगळ तसेच राहू द्या.

घरात जुने शस्त्र सापडले तर काय करावे?

सर्वांत आधी ते रिकामे आहे असे गृहीत धरू नका. ठासणीच्या बंदुकीत दशकांपूर्वी भरलेली दारू तशीच असू शकते. घोडा ओढून पाहणे, नळीत सळई घालणे, बोल्टशी झटापट करणे टाळा. मुलांना दूर ठेवा. सोबत काडतुसे असतील तर त्यांनाही हात लावू नका. बुडावर ‘केएफ’ अक्षरे दिसली तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असू शकतात, पण जुनी म्हणजे निकामी असे नव्हे.

दुसरे, शस्त्र दुचाकीवर टाकून परस्पर पोलीस ठाण्यात किंवा दुकानात नेऊ नका. वाहतुकीलाही परवाना लागतो. आधी ठाण्याला कळवा आणि सांगतील त्याप्रमाणे करा.

तिसरे, घरातील कागद शोधा. जुना परवाना, त्याचे नूतनीकरण, निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा केल्याची पावती, यांपैकी काहीही उपयोगी पडते. परवानाधारकाचे निधन झाले असेल तर शस्त्र घरात ठेवून वर्षानुवर्षे वाट पाहू नका. कलम २१ नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्यानंतर वारस स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारक ७० वर्षांचा झाल्यावर किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागण्याचीही सोय आहे. ज्या घरांत परवानाधारक वृद्ध आहेत, त्यांनी हे काम आत्ताच केलेले बरे. शस्त्र जमा झाले आणि वारसाने मुदतीत काहीच हालचाल केली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते.

शस्त्र गेले तर आठवणही जाणार का?

तशी गरज नाही. जमा करताना पोलिसांच्या परवानगीने खुणा, क्रमांक आणि दस्त्याचे फोटो काढून घ्या. पावती जपून ठेवा. शस्त्र कोणी घेतले, कशासाठी घेतले, घरात कोणत्या गोष्टी सांगितल्या जातात, हे घरातील ज्येष्ठांकडून लिहून किंवा मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. शस्त्र १०० वर्षांपेक्षा जुने आणि ऐतिहासिक महत्त्वाचे असेल तर ते पुरावस्तू कायदा १९७२ च्या कक्षेतही येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. अशा वेळी ते संग्रहालयाला देता येईल का, याची विचारणा जिल्हा प्रशासनाकडे करता येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. लष्करी सेवेशी संबंधित पदके, पत्रे, फोटो यांची ओळख पटवायची असेल, तर तिथे चौकशी करता येईल.

जमा झालेली शस्त्रे अनेकदा पुढे नष्ट केली जातात. एकदा ते झाले की खुणा आणि क्रमांक पुन्हा मिळत नाहीत. म्हणून सुटा भाग शोधत फिरण्याआधी ही नोंद करून घ्या. त्यासाठी कोणताही परवाना लागत नाही.